छतावर ऊन होते, घरात लाईन नव्हती

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. आदल्या रात्री तुमसरला मोठे वादळ होऊन गेले होते. कुणाच्या घरावरची टिनपत्रे उडाली, रस्त्यावर फांद्या आडव्या झाल्या. सकाळी मात्र आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ होते आणि दहा वाजताच असे ऊन पडले की अंगणात पाय ठेववत नव्हता. अकराच्या सुमारास लाईन गेली. अब्बांच्या उशाशी ठेवलेली ऑक्सिजनची मशीन एक लांब शिटी देऊन थांबली.

आम्ही घाबरलो नाही. घरावर नवे कोरे सोलर होते. नेट मीटर लागून जेमतेम दहा दिवस झाले होते. सहाही पॅनेलवर ऊन ओतत होते. धाकटा तर म्हणालाही, "दादाजान, काळजी करू नका. आता आपली स्वतःची वीज आहे."

पण मशीन सुरू झाली नाही. पंखाही फिरला नाही. जिन्याखाली जाऊन पाहिले तर सोलरचा इन्व्हर्टर लाल दिवा दाखवत गप्प बसलेला. बसवणाऱ्या माणसाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "लाईन नसली की सोलर बंदच राहते. त्याला बॅटरी कुठे आहे?"

"हे आधी का नाही सांगितले?"

"तुम्ही विचारले नाही."

त्याचे बोलणे लागले, पण खोटे नव्हते. आम्ही विचारले नव्हते. किती किलोवॉट, किती सबसिडी, बिल किती कमी होईल, हे सगळे विचारले. लाईन गेल्यावर काय होईल, एवढेच विचारायचे राहिले. छतावर पॅनेल म्हणजे घरात उजेड, हे आम्ही गृहीतच धरले होते. हा लेख लिहायला बसलो तो त्यासाठीच. आमच्यासारखे आणखी कितीतरी घरवाले आज सोलरचा विचार करत असतील. त्यांनी तरी हा प्रश्न आधी विचारावा.

अब्बांनी पस्तीस वर्षे तुमसरच्या राइस मिलमध्ये काम केले. धान येते, कोंडा उडतो, धूळ उडते. आज त्यांची फुफ्फुसे थकली आहेत. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी सांगितले की रात्रीची झोप धरून दिवसातले किमान पंधरा-सोळा तास ऑक्सिजन लावावा लागेल, मिनिटाला दोन लिटर. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हा शब्द घरोघरी पोहोचला. तीच ही मशीन. ती खोलीतली हवा ओढते, त्यातला नायट्रोजन वेगळा करते आणि ऑक्सिजन नळीतून नाकाशी पोहोचवते. सिलिंडर सारखा भरून आणण्याची कटकट नाही. पण तिला वीज लागते. पाच लिटरची मशीन साधारण साडेतीनशे वॉट घेते. सोळा तास चालली तर दिवसाला साडेपाच युनिट, महिन्याला दीडशेहून जास्त.

आमचे बिल पूर्वी शंभर युनिटच्या आसपास असायचे. महावितरणच्या दरात पहिली शंभर युनिट स्वस्त होती आणि त्यापुढच्या युनिटचा दर बराच जास्त. मशीन आली आणि बिल त्या महागड्या टप्प्यात गेले. उन्हाळ्यात कूलर लागला की तीनशेचा टप्पाही ओलांडायचे. अब्बा मग मशीन बंद करून बसू लागले. "आता बरे वाटते, राहू दे," म्हणायचे. अम्मींना कळायचे. आम्हालाही कळायचे. श्वास वाचवायच्या मशीनवर माणूस पैसे वाचवत होता. सोलर घ्यायचे ठरले ते या कारणाने.

प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीन किलोवॉटला एकूण ७८,००० रुपये सबसिडी मिळते. बँक कर्जही देत होती. पण ते व्याजाचे. अब्बांनी आयुष्यात व्याजाचा पैसा घरात येऊ दिला नाही आणि आम्हालाही तो नको होता. थोडी बचत, थोडी अम्मींची भिशी आणि चाचांनी दिलेले चाळीस हजारांचे कर्ज-ए-हसना, असे करून रक्कम उभी राहिली. सबसिडी खात्यात आली की चाचांचे पैसे आधी परत, हे ठरलेले होते. ईदनंतर एप्रिलमध्ये पॅनेल चढले.

आता पुन्हा त्या दुपारकडे येऊ.

जिन्याखाली जुना इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी होती. पंखा आणि दोन बल्ब यांच्यासाठी कधीतरी घेतलेली. त्यावर मशीन लावली, तर ती घरघरली, दोनदा शिटी दिली आणि बंद पडली. नंतर कळले की तो इन्व्हर्टर जुन्या पद्धतीचा, स्क्वेअर वेव्हचा होता. कॉम्प्रेसरच्या मोटरला तसली वीज मानवत नाही, मोटर तापते. अशा मशीनला प्युअर साईन वेव्हचाच इन्व्हर्टर लागतो.

उरला कोपऱ्यातला सिलिंडर. डॉक्टरांनी अडीअडचणीसाठी ठेवायला सांगितलेला. नळी जोडली, चावी फिरवली आणि घड्याळाच्या काट्याकडे पाहिले तर तो पावाच्या आसपास. मागे कधीतरी वापरला होता आणि पुन्हा भरून आणायचे राहून गेले होते. हा दोष कुणाचा म्हणावा? आमचाच.

पाव सिलिंडर किती वेळ पुरेल, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नव्हते. धाकटा मोटारसायकलवर दुसरा सिलिंडर शोधायला निघाला. थोरली अब्बांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बसली. अम्मींच्या हातात तसबीह होती आणि नजर काट्यावर. बाहेर ऊन तापत होते. छतावर तीन किलोवॉटची पॅनेल होती आणि आम्ही लोखंडाच्या नळकांड्यावरचा काटा बघत होतो.

असरच्या अजानीआधी धाकटा भरलेला सिलिंडर घेऊन आला. पुढे अर्ध्या तासाने लाईनही आली. अल्हम्दुलिल्लाह, काही विपरीत घडले नाही. पण ते पाच तास घरातले कुणी विसरले नाही.

रात्री जेवताना आम्ही सोलरला बोल लावत होतो. ऊन असताना बंद पडणारी वस्तू काय कामाची? तेव्हा शेजारचा मुलगा आला. तो आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेला. त्याने समजावले की हा बिघाड नाही, तशी मुद्दाम केलेली सोय आहे. लाईन जाते तेव्हा कुठेतरी खांबावर लाईनमन चढलेला असतो. तार मेलेली आहे या भरवशावर तो हात लावतो. तेवढ्यात आपल्या छतावरची वीज त्याच तारेत गेली तर त्याचा जीव जाईल. म्हणून लाईन गेली की ग्रिडला जोडलेले सोलर आपोआप बंद व्हावे, असा नियमच आहे.

अब्बा ऐकत होते. नाकाला नळी होती. ते म्हणाले, "मग बंद होते तेच बरे. दुपारी खांबावर जो चढला असेल, त्याच्याही घरी कुणी वाट पाहत असेल."

त्यानंतर सोलरला कुणी बोल लावले नाहीत. प्रश्न उरला बॅटरीचा.

दुसऱ्याच आठवड्यात एकाने हिशेब मांडून दिला. सध्याचा इन्व्हर्टर काढून हायब्रिड इन्व्हर्टर आणि दहा युनिट साठवणारी लिथियम बॅटरी. सारे घर चालेल, कूलर चालेल, फ्रिज चालेल, लाईन गेली हे कळणारसुद्धा नाही. खर्च अडीच लाखांच्या वर. सबसिडी पॅनेलच्या क्षमतेवर असते, बॅटरीवर नाही, त्यामुळे सगळा पैसा खिशातला.

घरात तेवढा पैसा एकाच ठिकाणी होता. थोरलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी बाजूला काढलेला. बारावीनंतर तिने जीएनएम करायचे ठरवले होते. अब्बांच्या आजारपणात दवाखान्याच्या फेऱ्या करून करूनच तिच्या मनाने ते घेतले होते. प्रवेशाचे दिवस जवळ आले होते.

आम्ही दोघे रात्री कुजबुजत बोललो. एका बाजूला बापाचा श्वास, दुसऱ्या बाजूला मुलीचे शिक्षण. असे तराजूत घालायची वेळ कुणावर येऊ नये. आमचे मन बॅटरीकडे झुकले होते. एक वर्ष तिने थांबावे, पुढच्या वर्षी पाहू. पण भिंती पातळ असतात. सकाळी अब्बांनी बोलावले.

"माझ्यासाठी पोरीचे वर्ष घालवाल तर मी मशीनच लावणार नाही."

"अब्बा, त्या दुपारी काय झाले ते विसरलात?"

"विसरलो नाही. पण तुम्ही बॅटरी कशासाठी घेता? माझ्या श्वासासाठी की कूलरसाठी? एका बांधीला पाणी द्यायला कुणी तलाव खोदत नाही. बोडी पुरते."

आपला भंडारा जिल्हा तलावांचा. जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव आजही धानाला पाणी देतात. पावसाळ्यात चार महिने पडते ते पाणी अडवून ठेवायचे आणि पावसाने ओढ दिली की पाटाने सोडायचे. पण कोणता तलाव किती मोठा करायचा, हे खाली धान किती आहे त्यावर ठरायचे. गावाच्या शिवाराला तलाव, एकट्या शेतकऱ्याच्या दोन-चार बांधींना बोडी. साठवण आधी ठरत नाही, गरज आधी ठरते. अब्बांनी ही गोष्ट एका वाक्यात सांगितली आणि आम्ही गप्प झालो.

थोरलीने मग एक काम केले. शाळेची उरलेली वही घेतली आणि रकाने आखले. लाईन किती वाजता गेली, किती वाजता आली, त्या वेळी मशीन चालू होती का, आणि काय अडले. ही वही तिने मीटरच्या शेजारी खिळ्याला टांगली. चाळीस दिवस आम्ही नोंद ठेवली. त्यात बकरी ईद आली, पहिला पाऊस आला, दोन वादळे आली.

चाळीस दिवसांनी वही उघडली तेव्हा आमच्या मनातले चित्र बदलले. लाईन सत्तावीस वेळा गेली होती. त्यातल्या एकोणीस वेळा अर्ध्या तासाच्या आत परत आली. पाच वेळा तास-दोन तास. दोनदा चार तासांच्या जवळ. आणि एकदाच, वादळी रात्री, सात तास. "काय अडले" या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता, मशीन. कूलर तीन ठिकाणी. फ्रिज एकदाही नाही, बकरी ईदला गोश्त भरलेले असतानासुद्धा. दार उघडले नाही तर फ्रिज चार तास थंडावा धरतो.

म्हणजे आम्हाला रोखायचे होते ते साडेतीनशे वॉटची मशीन, एक पंखा आणि एक बल्ब बंद पडणे. सगळे मिळून चारशे वॉट. सारे घर नव्हे.

आता हिशेब सोपा झाला. तो इथे देतो, कारण तो कुणालाही आपल्या घरासाठी करता येईल.

जुनी बॅटरी बारा व्होल्टची, दीडशे अँपिअर-अवरची. बारा गुणिले दीडशे म्हणजे १,८०० वॉट-अवर, १.८ युनिट. पण अॅसिडची बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली तर लवकर मरते. निम्मीच वापरावी. इन्व्हर्टरमध्येही थोडे वाया जाते. म्हणजे चारशे वॉटला दोन ताससुद्धा नाही. त्यातून आपल्याकडचा उन्हाळा. अशी बॅटरी पंचवीस अंशाला जितकी टिकते त्याच्या निम्मीच पस्तिशीत टिकते असे मानतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो. टिनाखाली ठेवलेली बॅटरी म्हणजे बुडालेला पैसा.

लिथियममध्ये घराला चालते ती लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीची. महाग, पण जास्त खोलवर वापरता येते आणि कितीतरी जास्त वर्षे टिकते. तिला पाणी घालावे लागत नाही. चोवीस व्होल्ट, शंभर अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे अडीच युनिट. त्यातली दोन हाती लागतात. चारशे वॉटला पाच तास.

आणि सिलिंडर? हा हिशेब थोरलीने केला आणि आम्ही तोंडात बोटे घातली. घरी ठेवतात तो बी टाइप सिलिंडर भरलेला असेल तर त्यात सुमारे दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटर म्हणजे साडेसातशे मिनिटे. साडेबारा तास! त्या दुपारी पाव सिलिंडर होता, म्हणजे तीन तासांचा श्वास. हे गणित तेव्हा माहीत असते तर निम्मी धडधड वाचली असती. ज्या साठ्यासाठी आम्ही अडीच लाख मोजायला निघालो होतो, त्याचा मोठा भाग लोखंडी नळकांड्यात कोपऱ्यात उभा होता. फक्त भरायचा राहिला होता.

मग बिलाचे काय? बॅटरी घेतली तर बिल आणखी उतरेल, असे तो हिशेब देणारा म्हणाला होता. हेही तपासले. नेट मीटर असलेल्या घराला ग्रिड हीच बॅटरी असते. दुपारी आपली जास्तीची वीज बाहेर जाते, रात्री तेवढी परत येते, आणि मीटर वजाबाकी करतो. महिन्याअखेर उरलेली युनिट पुढच्या बिलात जातात, वर्षाचा हिशेब मार्चअखेर होतो. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. तीन किलोवॉटची पॅनेल सरासरी दिवसाला बारा युनिटच्या आसपास देतात, पावसाळ्यात बरीच कमी. आमचे काम त्यात भागते. तीच वीज बॅटरीत भरून रात्री काढली तर येता-जाता काही टक्के वायाच जाईल. म्हणजे आमच्यासारख्या घराला बॅटरीने बिल कमी होत नाही. पॅनेल बिलासाठी, बॅटरी अंधारासाठी. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी.

सौदीत नोकरीला असलेल्या भाच्याशी फोनवर हे बोलणे झाले तेव्हा तो म्हणाला, "पण आमच्याबरोबरचे लेबनॉनचे लोक तर सांगतात की त्यांच्या घरी बॅटरीशिवाय सोलरला अर्थच नाही." त्याचेही खरे आहे. लेबनॉनमध्ये २०२१ नंतर सरकारी वीज दिवसातून जेमतेम दोन-चार तासांवर आली. लोकांनी छतावर पॅनेल घातली आणि खाली बॅटऱ्या, कारण ग्रिड नावाची गोष्टच उरली नव्हती. ज्या पाड्यावर लाईन पोहोचलीच नाही तिथेही तसेच. आपल्याकडेही २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत हा लेख लिहिला असता तर उत्तर वेगळे आले असते. तेव्हा खेड्यात रोवणी तोंडावर असताना बारा-बारा तास लाईन नसायची. आज एका बाजूला मौदा, दुसऱ्या बाजूला तिरोडा, अशा दोन मोठ्या वीजकेंद्रांच्या मधोमध आपण राहतो. विजेचा तुटवडा आमची अडचण नाही. वादळात तार तुटते, डीपी जळते, ही आमची अडचण आहे. ज्याची जशी अडचण, तशी त्याची बॅटरी.

शेवटी आम्ही काय केले ते सांगतो.

सबसिडीच्या सहा पॅनेलना हात लावला नाही. ती नेट मीटरला जोडलेली आहेत, तशीच राहिली. छताच्या पश्चिमेच्या रिकाम्या कोपऱ्यात दोन वेगळी पॅनेल घातली, मिळून साधारण एक किलोवॉट. त्यांना सोलरवर आणि लाईनवर दोन्हींवर चार्ज होणारा प्युअर साईन वेव्हचा छोटा इन्व्हर्टर, आणि ती चोवीस व्होल्टची लिथियम बॅटरी. अब्बांच्या खोलीची वायरिंग वेगळी केली. घराच्या बाकीच्या लाईनशी तिचा संबंध नाही, त्यामुळे लाईनमनलाही धोका नाही. त्या बोर्डावर तीनच बटणे आहेत. मशीन, पंखा, बल्ब. धाकट्याला मोबाईलसुद्धा तिथे लावायची मनाई आहे. दिवसा लाईन गेली तर मशीन उन्हावर चालते. रात्री गेली तर पाच तास बॅटरी. त्याच्याही पुढे गेली तर सिलिंडर, आणि तो आता एक नाही, दोन आहेत. दोन्हींवर थोरलीने कागद चिकटवला आहे. "काटा अर्ध्यावर म्हणजे सहा तास." दर जुम्म्याला नमाजहून आल्यावर काटा पाहायचा, हे धाकट्याचे काम. सिलिंडरजवळ आगपेटी नाही, अगरबत्ती नाही, तेलाचा हात नाही. किती लिटर लावायचे ते डॉक्टर ठरवतात, आपण वाढवायचे-कमी करायचे नाही.

या सगळ्याला बहात्तर हजार लागले. ७८,००० ची सबसिडी जूनमध्ये खात्यात आली होती. ठरल्याप्रमाणे चाचांचे चाळीस हजार आधी गेले. उरलेल्या अडतीस हजारांत अम्मींची पुन्हा लागलेली भिशी मिळवली. थोरलीच्या पैशाला हात लागला नाही. ऑगस्टमध्ये तिचा प्रवेश झाला.

कूलरसाठी बॅटरी घेतली नाही याचे वाईट वाटते का? मेच्या रात्री लाईन जाते तेव्हा वाटते, खोटे कशाला बोलू. आम्ही बाकीचे सपरीत येऊन बसतो, ओला पंचा अंगावर घेतो. अम्मी म्हणतात, आमचे बालपण असेच गेले. वाहत्या नदीकाठीसुद्धा वुजूला पाणी उधळू नये, ही शिकवण आपण मुलांना देतो. उन्हाचेही तसेच असावे. फुकट मिळते म्हणून साऱ्या घरासाठी साठवून ठेवायलाच हवे असे नाही. जिथे एखाद्याचा जीव अडतो तिथे मात्र हात आखडता घेऊ नये.

एक गोष्ट या निमित्ताने कळली. साठा बॅटरीतच असतो असे नाही. दुपारी भरून ठेवलेली पाण्याची टाकी हा साठा आहे, कारण लाईन गेल्यावर मोटर चालत नाही. भरलेला सिलिंडर हा साठा आहे. कुलूप न लावलेले शेजाऱ्याचे दारही साठाच आहे. त्या दुपारी धाकट्याला जो भरलेला सिलिंडर मिळाला तो एका अशाच घरातून मिळाला होता. त्या घरातला पेशंट चार महिन्यांपूर्वी गेला होता. सिलिंडर परत करायचा राहिला होता. त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्यांचे नाव इथे लिहिले तर त्यांना आवडणार नाही.

तुम्ही सोलर घेणार असाल तर आमचे एवढेच सांगणे आहे. विकणाऱ्याला बॅटरी हवी का हे विचारू नका. तो हो म्हणेल, किंवा स्वस्तात पटवायचे असेल तर नको म्हणेल. आधी एक वही घ्या. महिनाभर लाईन कधी गेली, किती वेळ गेली आणि काय अडले ते लिहा. घरात मशीनवरचा पेशंट नसेल, लाईन अर्ध्या तासात येत असेल, तर नेट मीटरचे साधे सोलर पुरेल. जुना इन्व्हर्टर पंखा-बल्ब सांभाळेल. घरात असा कुणी असेल ज्याला मिनिटभर थांबता येत नाही, तर त्याच्या एका बोर्डापुरती बॅटरी घ्या, आणि दुसरा, त्याहून साधा साठाही ठेवा. लाईन गेल्यावर काय होईल, हे पैसे देण्याआधी विचारा.

आमची वही अजून खिळ्याला आहे. परवा पहाटे फज्रच्या आधी लाईन गेली होती. थोरली हॉस्टेलवर, म्हणून अब्बांनीच नोंद केली. अक्षर थरथरते आहे, पण वाचता येते. चार वाजून दहा मिनिटांनी गेली, पाच वाजून पंचवीसला आली. मशीन चालू होती का, या रकान्यात "हो". आणि काय अडले, या रकान्यात त्यांनी लिहिले आहे, "काही नाही. झोप लागली होती, अम्मीने उठवून सांगितले."

त्यांच्यासाठी दुआ करा.